काटे किती खरे, हे आधी मोजा

पत्र : वजने-मापे आणि काटे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेत निरीक्षक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर काही महिन्यांपूर्वी पदोन्नतीने माझ्याकडे पुणे परिसरातील एका कार्यालयाची सूत्रे आली. मासिक आढाव्यात दोनच आकडे विचारले जातात : पडताळणी-मुद्रांकनाचे (काटा तपासून त्यावर सरकारी मुद्रा उमटवण्याचे) शुल्क किती जमा झाले आणि खटले किती नोंदवले. माझे निरीक्षक सेवेने माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत, मेहनती आहेत. परंतु आकडे जिथून लवकर मिळतात तिथेच त्यांची पावले वळतात. भाजीवाले आणि किराणा दुकानदार सहज सापडतात. ऊस, दूध, भंगार यांच्या मोठ्या काट्यांपर्यंत जायचे तर वाहन, वजनसंच, बंदोबस्त आणि धीर असे सगळेच लागते. त्यातच एका व्यापारी संघटनेने तपासणीची तारीख आधी कळवावी, असे लेखी मागितले आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक अधिकारी, पुणे

उत्तर :

आदरणीय भगिनी, सप्रेम नमस्कार.

मीही याच यंत्रणेत सेवा करून निवृत्त झालो असल्यामुळे आपल्या पत्रातील प्रत्येक ओळ मला ओळखीची वाटली. आपण सुरुवात कुठून करावी असे विचारले आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. आपल्या हद्दीत आज शंभरातल्या किती काट्यांवर माणसाला खरे वजन मिळते, हा आकडा आपल्याकडे नाही. तो मिळवण्यापासून सुरुवात करावी. शुल्काचा आकडा, जे स्वतःहून काटा घेऊन आले त्यांच्याविषयी सांगतो आणि खटल्यांचा आकडा, जिथे आपला निरीक्षक गेला त्या ठिकाणांविषयी सांगतो. जो कधी आला नाही आणि ज्याच्याकडे कुणी कधी गेले नाही, त्याच्या काट्याविषयी हे दोन्ही आकडे मुके आहेत, आणि ग्राहकाची लूट बहुधा तिथेच होत असते.

हा तिसरा आकडा मिळवायला नवे पद किंवा नवा निधी लागत नाही. महिन्यातून ठरावीक दिवशी सकाळी सर्व निरीक्षकांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात आणि ज्या ठिकाणांची नावे निघतील त्याच ठिकाणी त्या दिवशी जावे. चिठ्ठ्यांत केवळ आपल्या नोंदवहीतली दुकाने असू नयेत, कारण नोंदवहीत जो आहे तो मुळात बऱ्यापैकी कायद्याच्या चौकटीत आलेला असतो. आठवडे बाजार, हातगाड्या, नव्या उपनगरांतील दुकाने, महामार्गालगतची भंगार गोदामे ही ठिकाणे गल्लीच्या किंवा बाजाराच्या नावाने चिठ्ठीत यावीत. या फेरीत जे उल्लंघन आढळेल त्यावर कायद्याप्रमाणे कारवाई होईलच; मात्र या फेरीला खटल्यांचे उद्दिष्ट जोडू नये, नाहीतर निरीक्षक पुन्हा सोपे सावज शोधू लागेल.

जे आढळेल ते एकाच रकान्यात कोंबू नये, हा माझा आग्रह आहे. काटा खरा असून केवळ मुद्रांकनाची मुदत उलटलेली असणे ही एक गोष्ट. काटाच चुकीचा असणे ही दुसरी. आणि काटा खरा, मुद्रांकन चालू, पण हात खोटा असणे ही तिसरी. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी १२ महिन्यांनी आणि साध्या वजनांची व तराजूची २४ महिन्यांनी व्हावी लागते, हे दुकानदाराच्या ध्यानात राहत नाही आणि पहिला प्रकार घडतो. दुसऱ्याची कसोटी आपण जाणताच : ३० किलो क्षमतेच्या, ५ ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणाऱ्या काट्यावर १ किलोचे प्रमाण वजन ठेवले, तर पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅमपर्यंतचा आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, त्यापलीकडे गेला तर तो काटा चुकला. तिसऱ्या प्रकारात मात्र आपले प्रमाण वजन काहीच सांगत नाही. दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याचे खोके काट्यावर ठेवून काटा शून्यावर न आणताच बर्फी भरली जाते आणि ग्राहक पुठ्ठा बर्फीच्या भावाने विकत घेतो. काटा तपासला तर तो अगदी बरोबर निघतो. तेथे साध्या वेशात अर्धा किलो मिठाई विकत घेऊन, खोके बाजूला काढून पुन्हा तोलणे हीच तपासणी. या तीन प्रकारांचे प्रमाण वेगवेगळे मोजले म्हणजे कुठे शिबिर घ्यायचे, कुठे दुरुस्तीकाराला जाब विचारायचा आणि कुठे सापळा लावायचा, हे आपोआप ठरते.

पहिली चिठ्ठी काढण्याआधी कार्यालयातील कार्यकारी प्रमाणांची, म्हणजे निरीक्षक ज्यांच्याशी काटे ताडून पाहतो त्या प्रमाण वजनांची, पेटी उघडून पाहावी. १ किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातील एका न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेली आहे. त्याआधी ती पॅरिसजवळ जतन केलेल्या धातूच्या ठोकळ्यावर होती आणि त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. तिथून प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा, मग राज्याची दुय्यम प्रमाणे आणि शेवटी निरीक्षकाच्या हातातील कार्यकारी प्रमाणे, अशी ही साखळी येते. तिची शेवटची कडी जीपच्या मागच्या बाजूला पान्यांशेजारी खडखडत असेल, पितळी वजने उघड्या घामेजल्या हातांनी उचलली जात असतील, तर दिल्लीपासून आलेला सगळा काटेकोरपणा त्या जीपमध्येच संपतो. दुय्यम प्रमाणांशी शेवटची तुलना कधी झाली याचा दाखला प्रत्येक संचासोबत असावा. न्यायालयात बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो प्रश्न योग्य असतो.

आता मोठ्या काट्यांविषयी, कारण पत्रातील खरी अस्वस्थता तिथली आहे. उसाने भरलेल्या वाहनात २० टन ऊस असेल आणि भुईकाटा, म्हणजे अख्खे वाहन तोलणारा काटा, १ टक्क्याने कमी दाखवत असेल, तर एका खेपेमागे शेतकऱ्याचे २०० किलो जातात. भाजीच्या गाडीवरचा सगळ्यात खोटा काटा वर्षभरात जेवढे लुबाडील, तेवढे इथे दिवसभराच्या वाहनांत निघून जाऊ शकते. आपला मनुष्यबळाचा तुटवडा मला मान्य आहे, परंतु म्हणूनच थोडी माणसे जिथे अधिक वजन तोलले जाते तिथे लावली पाहिजेत. साखर आयुक्तालय पुण्यातच, शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. हंगामात महसूल, पोलीस, वैधमापन आणि शेतकरी प्रतिनिधी यांची भरारी पथके नेमली जातात. त्या पथकात आपण नावापुरते न राहता तपासणीची पद्धत आपण लिहून द्यावी.

पद्धत लिहिताना दोन वेगवेगळे प्रश्न डोळ्यासमोर ठेवावेत. काटा यंत्र म्हणून बरोबर आहे का, हा पहिला. त्यासाठी २० किलोची लोखंडी वजने पुरेशा संख्येने न्यावी लागतात. १ टनाला ५० वजने, म्हणजे हमालांची व्यवस्था आधी हवी. रिकाम्या काट्यावर शून्य पाहावे, मग तेच वजन फळीच्या (वाहन उभे राहते त्या पृष्ठभागाच्या) दोन्ही टोकांवर व मध्यभागी ठेवून वाचन सारखे येते का ते पाहावे, कारण एखादा लोडसेल (फळीखालचा वजन टिपणारा भाग) दुबळा झाला असेल तर चारही चाके मध्यभागी असताना तो लपून राहतो. फळीच्या कडेला वाकून पाहायला विसरू नये. गाळपाच्या दिवसांत फळी आणि चौकटीच्या फटीत चिखल, पाचट, कधी दगड अडकतो आणि फळी मोकळी खाली बसत नाही. अशा काट्यावर वजन कमीच येते. तो दगड मुद्दाम ठेवला की आपोआप आला, हे ठरवण्याआधी तो काढून दोन्ही वाचने पंचनाम्यात घ्यावीत. जंक्शन बॉक्स (लोडसेलच्या तारा जोडणारी पेटी) आणि दर्शक यंत्राचे सील शाबूत आहे का, हे बोट फिरवून पाहावे. तुटलेली तार पुन्हा पिळून बसवली असेल तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.

अधिकारी समोर नसतानाही काटा बरोबर असतो का, हा दुसरा प्रश्न, आणि तो अधिक कठीण आहे. २०१७ साली लखनौमध्ये आणि त्यानंतर ठाणे पोलिसांच्या कारवाईत आपल्या राज्यातही पेट्रोल पंपांच्या यंत्रांत फेरफार सापडले, तेव्हा आपल्या सगळ्यांना हेच शिकायला मिळाले की यंत्राला बसवलेली चकती किंवा चिप हवी तेव्हा बंद करता येत असेल, तर ५ लिटरच्या मापाने केलेली चाचणी निर्दोष येते. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतच्या फरकाची सूट, माप आधी ओले करून निथळून घेणे, हे सगळे काटेकोर पाळूनही फसगत होते. भुईकाट्याबाबत यावर उपाय एकच : भरलेले वाहन आधी दुसऱ्या, नुकत्याच पडताळलेल्या काट्यावर तोलून रांगेत सोडावे, त्याची पावती निघू द्यावी आणि मगच पथकाने पुढे यावे. किंवा पावती घेऊन बाहेर पडण्याआधीचे, रिकामे न झालेले वाहन थांबवून फेरवजन घ्यावे. रिकाम्या वाहनाचे वजनही दर खेपेला प्रत्यक्ष घेतले जाते की संगणकात साठवलेला जुना आकडाच वजा होतो, हे पाहावे. चोरी पुष्कळदा भरलेल्या वजनात नसून रिकाम्या वजनात असते. राजकीय दबाव येणारच. त्यावर लेखी पद्धत, आधी ठरलेला क्रम आणि चित्रीकरण यांखेरीज दुसरे संरक्षण मला माहीत नाही. अमुक कारखाना का निवडला या प्रश्नाला ‘चिठ्ठीत निघाला’ हे उत्तर आपल्याला प्रामाणिकपणे देता आले, म्हणजे निम्मा दबाव ओसरतो.

दुधाचे काटे दिसायला लहान, पण शिरूर, जुन्नर, इंदापूरच्या घरांना ते दिवसातून दोनदा भेटतात. १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा आणि त्यावर ४ किलो १८० ग्रॅम दूध अशी कल्पना करावी. नीट जुळवलेला काटा ४.२ दाखवील, शेवटचा आकडा गाळून टाकणारा ४.१ दाखवील. दोन वेळचे मिळून १६० ग्रॅम, महिन्याला ४ किलो ८०० ग्रॅम, आणि दूध घालणाऱ्या बाईला कधीही संशय येणार नाही. शिवाय काही ठिकाणी तोलतात किलोत आणि लिहितात लिटरमध्ये. १ लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, तेव्हा कोणत्या गुणकाने रूपांतर केले ते संकलन केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, असा आग्रह धरावा. इथे खटल्याआधी अधिक बारीक टप्प्याने आकडा दाखवणारा काटा बसवून घेणे, हेच काम.

लहान विक्रेत्यांविषयी माझे मत अनेकांना मवाळ वाटेल, तरी ते मांडतो. मंडईच्या बाहेर टोपली घेऊन बसणारी बाई मुद्रांकनासाठी दिवसाचा धंदा बुडवून कार्यालयात येणार नाही. आपणच शिबिर घेऊन तिच्याजवळ गेले पाहिजे. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दुपारच्या वेळेत, परवानाधारक दुरुस्तीकाराला सोबत घेऊन एकेका बाजारात बसावे. तिथे लोखंडी वजने हाती घेतली की बुडाच्या खळग्यातले शिसे पाहावे, कारण वजन जुळवण्यासाठी ते तिथे भरलेले असते आणि मुद्राही त्याच्यावरच असते. शिसे मुळातून गेलेले वजन झिजलेले आहे की कोरलेले, हे खळग्याच्या कडा सांगतात. झिजलेले असेल तर बदलून द्यायची सोय करावी. कोरलेले असेल तर दया दाखवू नये, कारण तिच्याकडून पावकिलो मिरची घेणारीही तिच्यासारखीच हातावर पोट असलेली असते. झडती आणि जप्तीचे अधिकार वापरताना सबळ कारण नोंदलेले असावे, याची आठवण निरीक्षकांना जरूर द्यावी. कारण नसताना झडती किंवा जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यालाच २००९ च्या वैधमापन अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये शिक्षा सांगितली आहे, आणि ती तरतूद मला फार आवश्यक वाटते.

ज्येष्ठ निरीक्षकांचा प्रश्न आपण संकोचाने लिहिला आहे. त्यांना भाषणाची गरज नाही. ज्याने काटा मुद्रांकित केला त्यानेच वर्षभर त्या भागाची तपासणी करायची, ही व्यवस्था माणूस कितीही सचोटीचा असला तरी सदोष आहे, कारण स्वतःच्या कामातील चूक स्वतःला दिसत नाही. चिठ्ठीच्या फेरीला हद्दी बदलून पाठवावे : हडपसरचा निरीक्षक पिंपरीकडे, पिंपरीचा हडपसरकडे. जे आढळेल ते बैठकीत नावाने न वाचता काट्याच्या प्रकाराने आणि दुरुस्तीकाराच्या परवान्याने वाचावे. एकाच दुरुस्तीकाराकडून आलेले काटे वारंवार चुकीचे निघू लागले, की कुणावर बोट न ठेवता चर्चा योग्य ठिकाणी जाते. या ज्येष्ठांपैकी कुणाचा हात भुईकाट्यावर, कुणाचा टाकी-लॉरीवर, तर कुणाचा सराफी तराजूवर बसलेला असतो. त्या त्या कामाची लेखी पद्धत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी आणि तिच्यावर त्यांचे नाव घालावे. नव्यांना रांचीच्या भारतीय वैधमापन संस्थेतील प्रशिक्षण मिळते, पण रविवार पेठेतल्या सराफाच्या तराजूजवळचा पंखा बंद करायला लावल्याशिवाय मिलिग्रॅमचे वाचन घेऊ नये, हे जुना माणूसच शिकवतो. वेळ कुठून आणायचा, असे आपण म्हणाल. ठरावीक उपकरणांची पडताळणी शासनमान्य चाचणी केंद्रांकडून करून घेण्याची तरतूद २०१३ च्या नियमांनी झालेली आहे. आपल्या परिसरात अशी केंद्रे वाढावीत म्हणून वरिष्ठांकडे पाठपुरावा करावा, म्हणजे निरीक्षकाचे तितके दिवस मोकळे होतील. अर्थात त्या केंद्रांचे मुद्रांकित काटेही चिठ्ठीत आले पाहिजेत.

मासिक आढाव्यात वरिष्ठांशी वाद घालू नये. त्यांना हवे असलेले दोन आकडे आधी, नीट द्यावेत आणि त्याखाली तिसरी ओळ जोडावी : या महिन्यात चिठ्ठीने तपासलेले काटे इतके, त्यांतील अचूक इतके, मुदत उलटलेले इतके, चुकीचे इतके, फसवणुकीचे इतके. पहिले काही महिने कुणी त्या ओळीकडे पाहणार नाही. खटले घटले म्हणून विचारणा होईल, तेव्हा मात्र तीच ओळ दाखवता येईल : खटले कमी आहेत आणि अचूक काट्यांचे प्रमाण वाढले आहे, किंवा खटले तेवढेच असूनही प्रमाण घसरले आहे, तेव्हा अधिक माणसे द्यावीत. मनुष्यबळाच्या मागणीला इतका भक्कम आधार दुसरा नाही.

राहिले संघटनेचे पत्र. त्याला उत्तर न देणे योग्य नव्हे आणि तपासणीची तारीख कळवणे तर मुळीच योग्य नव्हे. मी आपल्या जागी असतो तर असे लिहिले असते : “मुद्रांकन शिबिरांचे पुढील तिमाहीचे वेळापत्रक सोबत जोडले आहे, आपल्या सदस्यांनी आपापले काटे, वजने व मागील पडताळणीचे दाखले घेऊन उपस्थित राहावे, शिबिराची जागा आपल्या सोयीने बदलता येईल. तपासणीची ठिकाणे त्या त्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून ठरत असल्यामुळे ती या कार्यालयालाही आधी ठाऊक नसतात. चिठ्ठी काढताना आपला एक प्रतिनिधी साक्षीदार म्हणून उपस्थित राहू शकेल. मात्र तपासणी पथके परत येईपर्यंत त्याने कार्यालयातच थांबावे आणि भ्रमणध्वनी जमा करावा.”